दहा लाख एक

शिला राठोड एम.एस्सी. झाली आणि गणितातल्या संशोधनासाठी तिची निवड झाली, तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावजवळच्या तिच्या तांड्याने सत्कार ठरवला. मंदिरासमोर सतरंज्या पडल्या, हार-श्रीफळ झालं, आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले नेमसिंगकाका उठले.

“बाई, तू आकड्यांचं शिकून राहिली म्हणतात. आमाला कळंल असं काही सांग की.”

शिलाने खडू घेतला आणि बायकांत बसलेल्या आईला, जिवनबाईला, हाक मारली. “याडी, कोणताबी तीन आकडी नंबर सांग.”

शाळेचं तोंडही न पाहिलेली जिवनबाई लाजली. मग म्हणाली, “पाचशे सत्तावीस.”

शिलाने फरशीवर तोच आकडा दोनदा शेजारी-शेजारी लिहिला : ५२७५२७. “आता याला सातानं, अकरानं, तेरानं भागा. बाकी उरणार न्हाई.”

पोरींनी मोबाइल काढले. बराबर निघालं!

“यात जादू न्हाई. दोनदा लिहिलं म्हणजे एक हजार एकनं गुणलं. अन् सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार तेवढाच होतो.”

टाळ्या पडल्या. पण नेमसिंगकाकांचा जन्म पिनकोड वाचण्यात गेलेला. “मंग आपला हिंगोलीचा पिनकोड दोनदा लिही.”

तिने लिहिलं : ४३१५१३४३१५१३. सातानं भाग जाईना. अकरानं नाही, तेरानंही नाही. मागून कुणीतरी हसलं.

शिलाचे कान तापले. ‘ते फक्त तीन आकड्यांपुरतं असतं’ म्हणून तिला सुटता आलं असतं. तिने खडू खाली ठेवला नाही.

“काका, हे मला आत्ता येत न्हाई. जरा थांबा,” म्हणत ती तिथंच मांडी घालून बसली.

तीन आकड्यांना एक हजार एक, तर सहा आकड्यांना दहा लाख एक. हा फुटतो कशाने? सतराने पाहिलं, एकोणिसाने पाहिलं, तेविसाने पाहिलं. मग हात थांबला. दहा लाख म्हणजे शंभराचा घन की! आणि एक हा एकाचाच घन. आणि दोन घनांची बेरीज त्या मूळ संख्यांच्या बेरजेने भागली जातेच. हे तर आश्रमशाळेतच घोकलं होतं. शंभर अधिक एक.

“एकशे एकनं भागा!”

काकांनी स्वतःच्या मोबाइलवर भागलं. ४२७२४१०२१३. पुढे दशांशचिन्ह नाही, काही नाही. त्यांनी सेनगावचा पिनकोड घेतला, औंढ्याचा घेतला, पार नागपूरचा घेतला. दरवेळी भाग निःशेष गेला.

“देशातला कोणताबी घ्या काका,” शिला हसत म्हणाली.

“व्हय बाई, मानलं तुला!”

जिवनबाई उठली. पुरुषांच्या रांगांमधून सरळ चालत आली आणि लेकीला खेटून बसली.

“माझ्या पोरीनं समद्यांपुढं येत न्हाई म्हणलं,” ती मोठ्यानं म्हणाली, “अन् समद्यांपुढंच काढून दावलं.”