खवल्या मांजराचे नातेवाईक

"वरून काय पाहून राह्यले बाबू? खालून पाहा!" असं म्हणत बाई हाती येईल ती वस्तू पालथी करायच्या. रानातली अळंबी, चहाची बशी, एकदा तर माझा नवाकोरा बूट. अहेरीकडच्या आमच्या वन कार्यालयात त्या रोजंदारीवर होत्या आणि मी कारकून. पण कारकून कसला, बी.एस्सी. प्राणिशास्त्र! हे मी कुणाला विसरू देत नसे. असा एखादा शहाणा तुमच्याही ऑफिसात असेलच.

एका सकाळी गावकऱ्यांनी धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सापडलेलं खवल्या मांजर पोत्यात घालून आणलं. अंगाचा गोळा करून पडलेलं. गर्दी पाहून मला चेव आला.

"खवले आहेत म्हणून हा सरड्याचा कुणी नव्हे. अमेरिकेतला मुंगीखाऊसुद्धा अशाच लांब जिभेनं मुंग्या खातो, पण त्याचं गोत वेगळं. हा सस्तन! याचे जवळचे नातेवाईक म्हणजे मांजर, कुत्रा, आपला वाघ."

"वाघाच्या घरचा हाय? मंग चहा ठेवा!" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मी रुबाबात पंचनाम्यात 'सस्तन' लिहून खाली रेघ ओढली. चंद्रपूरच्या उपचार केंद्रात न्यायला जीप दारात उभीच होती.

बाई पोत्याचं बूड चाचपत होत्या. "बाबू, सस्तन म्हंजे काय?"

"दूध पाजणारे."

"मंग पोतं चिकट काऊन हाय? हे मूत नाई, दूध हाय. हिचं पिल्लू कुठी हाय?"

शरमेनं माझे कान तापले. अख्खं वर्गीकरण पाठ, पण एवढं साधं सुचलं नव्हतं. बिळात एक जीव उपाशी होता, आणि आई चंद्रपूरला गेली असती तर तो मेलाच असता. साहेबांच्या हातापाया पडून मी जीप थांबवली.

बांधीपासून पुढे बाई वाकून वाकून माती पाहत गेल्या. बांबूच्या बेटात, वारुळाजवळ ताजं उकरलेलं बीळ सापडलं. तोंडाशी गोळा ठेवून आम्ही लांब बसलो. तो हलेचना.

"ऊठ ना माय," बाई पुटपुटत होत्या, "लेकरू भुकेजलं असंल."

दिवस कलताना गोळा उलगडला आणि आत गेला.

बाई आता राजुऱ्याला लेकीकडे असतात. त्यांच्याशिवाय कार्यालय फार गप्प वाटतं. आठवण आली की त्या मला त्या संध्याकाळच्या बिळासमोरच दिसतात. मातीत मांडी घालून, पदराचा बोळा तोंडावर दाबून. आणि समोर आई बिळाबाहेर येते, शेपटीच्या बुडाशी एवढंसं फिकट पिल्लू घट्ट चिकटलेलं.

"जित्तं हाय वो बाबू! जित्तं हाय!"