खेळघरात मावणारी बाई

ब्रोन्या वोय्तासला हॅल्डेनांच्या हवेलीत नोकरी लागली ती उंचीवर. म्हणजे नसलेल्या उंचीवर. आमच्या डेट्रॉइटशेजारच्या हॅमट्रॅमकच्या पोलिश गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक. मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगेल.

हॅल्डेनसाहेब डेट्रॉइटात मोटारी बनवायचा. मोटार दरवर्षी नवी, पण घर हवं चारशे वर्षांचं! मग तळ्याकाठी ते नवंकोरं जुनं घर उभं राहिलं. दगडी कौलं इंग्लंडहून बोटीनं आली, जिना तिथल्याच कुठल्याशा गढीतून उपटून आणला, आणि जुनं दिसावं म्हणून छपराला मधोमध मुद्दाम बाक द्यायचा हुकूम सुटला. ब्रोन्याचा ताडमाड नवरा वालेक त्याच छपरावर कामाला होता.

"गावी असं छप्पर घातलं असतं तर बापानं खालची शिडी काढून घेतली असती," तो गुत्त्यात सांगायचा. "इथं मुकादम बोंबलतोय, अजून वाकू दे!"

बागेत साहेबाच्या लेकीसाठी, लुईझसाठी, खेळघर बांधलं. तेही दगडी. खरी चूल, खरे नळ, फक्त सगळं पोराच्या मापाचं. झाडायला गेलेली पहिली मोलकरीण दाराच्या चौकटीवर कपाळ फोडून परतली. तेव्हा आयरिश स्वयंपाकीण मिसेस टियर्नीनं ब्रोन्याला हेरलं.

"ये गं बुटके! देवानं तुला अर्धवट का सोडली ते आज कळलं."

ब्रोन्याची हेल्चा तेव्हा सहा वर्षांची.

"आई, त्या चुलीवर खरंच चहा होतो?"

"होतो."

"मला दाखव ना. हात नाही लावणार कशाला."

ब्रोन्यानं धीर गोळा करून बाईसाहेबांना विचारलं. त्या गोड हसल्या. "लुईझचं खेळून होऊ दे, मग आण हं."

पुढच्या हिवाळ्यात वालेक न्यूमोनियानं गेला. त्याला पुरलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी ब्रोन्या खेळघरातली पितळी किटली घासत होती. रडली नाही. "दगडी कौलांपैकी एक हिच्या छातीत बसलंय," असं बायका चर्चबाहेर म्हणायच्या. (मीही म्हणालो असेन.) हेल्चा विचारायची, ब्रोन्या म्हणायची, "बघू." मग हेल्चानं विचारणं सोडलं.

लुईझचं लग्न झालं, तेव्हा बाईसाहेबांना एकदम आठवलं. "अगं, तुझी छोटी? आण की रविवारी!"

छोटी तोवर बापावर गेली होती. कारखान्यात मोटारींच्या गाद्या शिवत होती. तरी आली, आईनं सांगितलं म्हणून. दारात वाकली, खांदे तिरपे केले, गुडघ्यावर बसून पाहिलं. दार अरुंदही होतं, नाहीच जमलं. शेवटी खिडकीला नाक लावून उभी राहिली.

आत ब्रोन्यानं चूल पेटवून किटली चढवली. पाणी उकळलं.

"होतो की गं चहा!" काचेबाहेरून हेल्चा हसली. मग आईकडे बघत राहिली. टेबल आईच्या कमरेला, फळी हाताला, छत डोक्यावर बेताचं. "आई, तू किती बरोबर मावतेस गं इथं."

ब्रोन्यानं ते ऐकलं. काही वाटतंय का, म्हणून क्षणभर थांबलीही. मग खिडकी उघडून चहाचा इवलासा कप बाहेर दिला. हेल्चानं तो एका घोटात संपवला आणि बस चुकेल म्हणून निघाली.

काचेवर तिच्या नाकाचा ठसा उरला होता. ब्रोन्याचा हात आपोआप फडक्याकडे गेला. हेल्चा फाटकापर्यंत पोचायच्या आत काच लख्ख झाली होती.