तीन महिन्यांचं अंतर

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंना सगळे शिक्कामावशी म्हणतात. पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्या त्या थेट आमच्या डोक्यावर येऊन बसल्या. मी समोरच्या दारातली, शिवणकाम करणारी. त्यांची बोलणी मी पोटभर खाल्ली आहेत, तेव्हा हे काही लाडाने लिहीत नाही.

साथ आली तेव्हा मात्र याच बाईने चाळीस घरं सांभाळली. गेटला कुलूप, भाजी गेटपाशी, सभा गॅलरीत. ज्याने त्याने आपापल्या गॅलरीत उभं राहायचं, मावशी खाली अंगणातून ओरडणार, हात वर झाले की ठराव पास. पहिला ठराव त्यांचाच: पासष्ट पूर्ण झालेल्यांनी गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि वय धरायचं ते कागदावरचं. तिसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर काका नव्या नातीचं तोंड बघायला जाऊ द्या म्हणून हात जोडत होते.

"अहो, मी अजून जिना पळत चढतो!"

"पळा की. पण आतल्या आत."

काका महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मलाही मावशींचा संताप आला होता.

मग मावशींच्या सख्ख्या ताईंना ताप आला. ताई चार गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. शेजारी दाराशी डबा ठेवून पळायचे. तासातासाला फोन. "ये ना गं," एवढंच. मावशी फोन ठेवायच्या आणि खिडकीतून गेटकडे बघत बसायच्या. चार दिवस त्यांच्या पोटात धड अन्न गेलं नाही. पण जाणार कशा? कागदावर त्या पासष्टच्या होत्या.

खरं वय त्रेसष्ट, हे त्यांनी पाचव्या दिवशी मला सांगितलं, तेही चोरी कबूल केल्यासारखं. लहानपणी ताई एकटी शाळेत जायला घाबरायची, रडून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून वडिलांनी धाकटीचं वय दोन वर्षांनी वाढवलं आणि दोघींना एका बाकावर बसवलं. त्यापायी नोकरीची दोन वर्षं गेली, तरी मावशींनी कधी अवाक्षर काढलं नाही.

"मग सांगा ना सभेत!" मी म्हटलं.

"काकांना कोणत्या तोंडाने सांगू? माझी वेळ आली तर कागद खोटा! म्हणतील, आपला तो बाब्या."

शेवटी मीच ओरडून सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. मावशी अंगणात मान खाली घालून उभ्या राहिल्या. "कागदावर ताईच्या आणि माझ्या जन्मात तीन महिन्यांचं अंतर आहे," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच बघा." कुणीतरी बोटांवर महिने मोजले, मग वरपर्यंत हसू फुटलं. हात वर झाले. तापाच्या घरात गेलात तर चौदा दिवस परत यायचं नाही, एवढीच अट. काकांचा हात वर झाला नाही. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांचं चुकलं असं मला तरी वाटत नाही.

मावशींची पिशवी भरलेलीच होती. ती उचलून मी सोबत गेले. ताईंच्या सोसायटीचंही गेट बंद. आत त्यांचा सेक्रेटरी, चाळिशीतला सभ्य माणूस. त्याने मावशींचं ओळखपत्र घेतलं, जन्मसाल वाचलं. मावशींनी शाळेची सगळी गोष्ट सांगितली, तीन महिन्यांसकट. तो हसला नाही.

"काकू, आमचा ठराव आहे. बाहेरचं पासष्ट पूर्ण झालेलं कुणी आत नाही. मी एकट्याने कसा मोडू?"

मी तावातावाने भांडायला लागले. मावशींनी माझा दंड धरला. "त्याला नको बोलूस. मीही हेच केलं असतं."

तेवढ्यात फोन वाजला. ताईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"निघालीस का गं?"

"आले. खाली आहे."

"मग वर ये ना."

मावशींनी गजांमधून दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. सेक्रेटरीने मान दुसरीकडे वळवली.

"चढतेय," मावशी म्हणाल्या. "गुडघे धरलेत गं, वेळ लागेल."

"सावकाश ये. मी उठून दार उघडून ठेवलंय."