पालिकेचा हक्काचा जखमी

आमच्या ह्यांना नगरपालिका वर्षातून एकदा जखमी करते. वादळाचे दिवस तोंडावर आले की सराव असतो. भोंगा वाजतो, अग्निशमनची गाडी येते आणि कुणाला तरी स्ट्रेचरवरून जिन्याने खाली आणायचं असतं. ते कुणीतरी म्हणजे हे. सलग अकरा वर्षं. जन्ममृत्यू नोंदणीत कारकून आहेत, वजन सत्तेचाळीस किलो, ऑफिसात सगळे काडीपहिलवान म्हणतात. गळ्यात 'पाय मोडला, बेशुद्ध' अशी पाटी घालून हे असे निपचित पडतात की विचारू नका. आदल्या दिवशी घरी सोफ्यावर तालीम चालते. मी केर काढत तिथवर आले की बेशुद्ध माणूस मुकाट्याने पाय वर घेतो.

यंदा मात्र ऑफिसातून आले ते तोंड पाडूनच. जेवले नाहीत. मग हळूच म्हणाले, "या वर्षी तू येशील?"

"कुठे?"

"पडायला."

मी लाटणं खाली ठेवलं. हे म्हणाले, "अगं, पोरं अकरा वर्षं मलाच उचलतायत. बारा मिनिटांत खाली. साहेब अहवाल वर पाठवतात, वरून शाबासकी येते. पण खाडीकडच्या गल्लीत माझ्यासारखं आहे कोण? तिथे सगळे..." आणि थांबले.

"सगळे कसे?"

"भरलेले," हे म्हणाले.

माझं वजन चौऱ्याण्णव आहे. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. भांडी इतकी आपटली की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली. तिसऱ्या दिवशी खरी गोष्ट बाहेर आली. गोष्ट वन्संची होती.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, ह्यांना वाढवलं ते तिने. राहते खाडीकडच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, वर पत्र्याचं छप्पर. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून खाटेवर. वजनाला माझ्याहून चांगली वरचढ. आमच्याकडे या म्हटलं की म्हणणार, "भावजयीच्या दारात नाही यायची मी." आमचं दोघींचं कधी जमलंच नाही. "खरंच वादळ आलं तर ताईला कोण उतरवणार गं?" हे म्हणाले. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हटलं, द्या ती पाटी.

सराव वन्संच्याच इमारतीत ठेवायला ह्यांनी लावला. मी दुसऱ्या मजल्यावर पडले. चार जवान आले, मला बघून एकमेकांकडे बघायला लागले. एकाने विचारलं, "काका कुठायत?"

"काका रजेवर आहेत," मी म्हटलं. "उचला."

"काकू, तुम्ही बेशुद्ध आहात."

"मग बेशुद्ध बाईला तिष्ठत ठेवायचं असतं का?"

पहिल्यांदा मी उचललेच गेले नाही, नुसतं कापड वर आलं. दुसऱ्यांदा उचलले गेले, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. मला तिरकं केलं तशी मी घसरायला लागले. एका जवानाच्या पाठीत उसण भरली, तर त्याला माझ्याशेजारी पायरीवर झोपवला. आतून खाटेवरनं वन्संचा पट्टा चालूच होता, "डावीकडनं घ्या तिला, डावीकडनं. माठ्यांनो, डावा हात कुठला कळतो का?" शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या तेव्हा एकजण म्हणाला, "हत्ती गेला नि शेपूट राहिलं." म्हणाला आणि गोरामोरा झाला. मी इतकी हसायला लागले की त्यांना मला पुन्हा खाली ठेवावं लागलं. माझं हसणं थांबेना, मग तेही हसायला लागले, आणि त्यात पाच मिनिटं गेली.

एकूण लागली एकेचाळीस मिनिटं. साहेब घड्याळ धरून लालबुंद. ह्यांना म्हणाले, "हे काही खरं नाही. पुन्हा घेऊ. तुम्हीच पडा."

हे म्हणाले, "साहेब, एकेचाळीस लिहा."

या माणसाने जन्मात कधी कुणापुढे आवाज चढवलेला नाही. भाजीवाल्याला किडकं वांगंसुद्धा परत करत नाहीत. साहेब म्हणाले, वर काय तोंड दाखवू? हे म्हणाले, "अकरा वर्षं तुमच्यासाठी पडलोय. एवढं एक खरं लिहा." साहेबांनी लिहिलं.

वरून शाबासकी आली नाही, चांगली खरडपट्टी आली. पण तिच्यामागून माणूस उचलायची आठ मुठींची जाड ताडपत्री आली, जास्तीचे चार जवान आले, आणि नियम आला: ज्यांना चालता येत नाही, त्यांना पहिल्या इशाऱ्यालाच दिवसाउजेडी हलवायचं.

दीड महिन्यात खरा इशारा आला. भर दुपारी आठजण वन्संच्या दारात. त्या हटून बसल्या, परक्या पुरुषांनी हात लावायचा नाही. मी उशाशी बसले. म्हटलं, "वन्सं, मला विचारा, मी अनुभवी आहे. हात पोटावर, तोंड बंद." हात त्यांनी ठेवले. तोंडाचं आपण काय बोलणार? नऊ मिनिटांत खाली.

संध्याकाळी वादळ आलं. आम्ही शाळेच्या वर्गात, बाकं जोडून वन्संना निजवलेलं. सकाळी एक जवान बघून आला. म्हणाला, छप्पर गेलं, आणि तुळई खाटेवर पडली आहे. हे उठले आणि चहा आणायला गेले.

वन्संनी मला जवळ बोलावलं. "शेजारणीला मी सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "वादळ आलं की बाहेरून कुलूप घाल, आणि माझा भाऊ आला तर सांग, तिला केव्हाच नेलं. चार वर्षं सांगत आले दर वर्षी. नाहीतर हा मला उचलायला बसला असता आणि माझ्याबरोबर गेला असता."

मला असा संताप आला की त्यांना धरून हलवावं. आणि मी रडायलाच लागले. त्याही रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "एकेचाळीस. बाई, बाई. मला नऊ." आणि आम्ही दोघी फसकन हसलो, डोळ्यांतलं पाणी तसंच.

तेवढ्यात हे तीन कप सांभाळत दारात आले. आमचे चेहरे बघून जागीच थांबले. "कोण गेलं?"

"कुणी नाही," वन्सं म्हणाल्या. "चहा दे."