साक्षगंधातच लग्न

आमच्या वऱ्हाडात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, आणि साक्षगंधातच लग्न उरकलं की लोक फार कौतुक करतात. खर्च वाचतो, मानपान वाचतं, पेपरात फोटोसुद्धा येतो. मलाही ही पद्धत आवडायची. गेल्या हिवाळ्यात अकोटला गेले आणि माझं मन उडालं.

साक्षगंध होतं माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, अमरावतीला माझ्याच घरी राहून क्लासला जाणारी. ठरल्याचं कळलं तेव्हा मी फोनवर कडाकडा भांडले. तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, शपथेवर म्हणाले, "ताई, साक्षगंधाले कुठी वय लागते? लगन अठरा झाल्यावरच करू ना." मुलाचं स्वतःचं कृषी केंद्र होतं. असं स्थळ हातचं जाईल या धाकानं बहीणही गप्प. पोरीला एकटी कशी पाठवायची, म्हणून मी सोबत गेले.

टिळा झाला, ओटी भरली, आणि मुलाचे मामा उभे राहिले. "मंडळी जमली हाये, जेवण तयार हाये. पुन्हा कायले खर्च? लगन आताच लावून टाकू!" टाळ्या पडल्या. मामांच्या पिशवीतून अंतरपाट निघाला, बहिणीच्या पर्समधून मंगळसूत्र. अंतरपाट घेऊन कोणी साक्षगंधाला जातं का हो? सगळं आधीच ठरलेलं होतं. माहीत नव्हतं फक्त दोघींना, मला आणि जिचं लग्न लागणार होतं तिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सरळ भटजींसमोर जाऊन उभी राहिले. "पोरगी सतराची हाये. लगन लावणाराही आत जाते अन् लावून देणाराही. मी पोलिसाले फोन लावून राहिली."

भटजींनी पोथी मिटली. "मले कोणी सांगतलंच नाही, बाप्पा," म्हणत ते चपला शोधायला लागले.

मग हॉलमध्ये जो तो वकील झाला. एकजण म्हणे, घरातल्या घरात कोण तक्रार करते. दुसरा म्हणे, आमच्या आईचं तर पंधराव्या वर्षी झालं, काय बिघडलं? बहीण माझ्याकडे पाहायला तयार नव्हती. शेवटी तोडगा निघाला: पोरीच्या अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी लग्न. मामांनी लगेच मोबाइलवर पंचांग उघडलं. तारीख ठरली, पंगती बसल्या, कायदा पाळल्याचं समाधान सगळ्यांच्या तोंडावर. मला आधीपेक्षा जास्त संताप आला. कायद्यानं पोरीला चार वर्षं शिकायला, विचार करायला मिळावीत म्हणून वय घातलं, आणि ही माणसं रेल्वे फाटकावर गाडी चालू ठेवून उभी राहावीत तशी वाट पाहणार होती. तिला काय वाटतं हे त्या भरल्या हॉलात एकानंही विचारलं नव्हतं.

हात धुवायच्या नळापाशी ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मावशी, अठरा झाल्यावर मले 'नाही' म्हणता येते, का फक्त लगनच करता येते?"

"'नाही' तं तुले आताही म्हणता येते," मी म्हटलं.

ती ओटी सांभाळत परत गेली आणि पंगतीत जेवणाऱ्या वडिलांसमोर उभी राहिली. शब्द अगदी स्पष्ट होते. "बाबा, मले हे लगन नाही करायचं. आताही नाही अन् अठरा झाल्यावरही नाही. मले शिकायचं हाये."

वाढपी जागीच थांबले. भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. तासाभरापूर्वी हिचं कन्यादान करायला निघालेला हा माणूस. सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, "चूप बस! मोठ्या माणसाच्या बोलण्यात पडू नको. तू अजून लहान हायेस."