गुळाचं पाणी निवू द्या

अजून संताप आवरत नाही. आज मुरुडजवळच्या एका गावात सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी नत्र देणारे जिवाणू चोळायचं प्रात्यक्षिक होतं. कृषी खात्याचे साहेब वाफाळत्या गुळाच्या पाण्यातच जिवाणूंचं पाकीट ओतू लागले.

"अहो, मरतील ते!" मी ओरडले.

"मॅडम, फोटोपुरतं हाय," साहेब म्हणाले.

गावातल्या शेतकरी अनुसयाबाई पेरणीचं आपलं सगळं बियाणं घेऊन बसल्या होत्या. "मंग माझ्या बियाला मेलेलं लावून राहिले का?"

हे जिवाणू साखर खाऊन स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. त्याच्याच आधाराने ते मुळाला धरतात, कोरड्या मातीत तगतात. कढत पाण्यात जिवाणूच मेले, तर आवरण कोण करणार?

मी पातेलंच उचलून बाजूला ठेवलं. साहेब घड्याळ बघत होते.

आपल्या गटातल्या बायांनो, दुष्काळात आपण महिनोन्महिने पावसाची वाट बघतो. या साहेबांना गुळाचं पाणी निवेपर्यंतही थांबवत नाही?