ओढ्याकाठची हिरवी पट्टी

एल रेमान्सो ही वस्ती मेदेयिनच्या डोंगरावर इतकी उंच बसलेली, की खालच्या शहराने तिच्याकडे बघायचं तर मान दुखावी. आणि शहराला मान दुखवून घ्यायची हौस नव्हती. म्हणून इथल्या वाटा इथल्याच लोकांनी केल्या. रविवारी सगळ्यांनी जमायचं, कुणी वाळू वाहायची, कुणी पायऱ्या बसवायच्या आणि दुपारी मोठ्या पातेल्यातला सांकोचो, कच्ची केळी नि हाडं घालून रटरटलेला, मिळून ओरपायचा. या कामाची मुकादम दोन्या ओतीलिया, म्हणजे ओतीलियाबाई. बाई ठेंगणी, पण आवाज खणखणीत. ऊन लागतं म्हणून घरी लोळणाऱ्या पुरुषांना दारात जाऊन विचारी, "काय हो, बाळंत झालात का?"

ओढ्याकाठची वाट मात्र तिला कधी जमली नाही. पावसात माती वाहून जाई, शाळेला निघालेली पोरं घसरून पडत. तिथे पक्क्या पायऱ्या, कठडा, दिवे आणि टोकाला म्हाताऱ्यांना बसायला एक लहानशी बाग, एवढं डोळे मिटायच्या आत बघायचं, हा तिचा ध्यास. नगरपालिका दरवर्षी थोडा पैसा वस्त्यांच्या मतावर सोडी. लोकांनी आपला नकाशा आपणच काढायचा, काय हवं ते त्यात दाखवायचं, मग सभेत हात वर करून ठरवायचं. मेख एकच होती. परवानगी नसलेली घरं जिथे, तिथे छदामही मिळायचा नाही.

आणि ओढ्याकाठी अशी घरं होती. बंदुकांना भिऊन गाव सोडून आलेल्यांची, पत्र्या-फळ्यांची. त्यातलं एक नुबियाचं. नुबियाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओतीलियाने हातावर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि हे नातं तिकडे सख्ख्या बहिणीहून जवळचं.

नकाशाच्या दिवशी चर्चच्या दालनात मोठा कागद पसरला. जो तो आपलं घर चर्चपेक्षा मोठं काढत होता. नुबिया खाली शहरात कुणाच्या घरी धुण्याला गेली होती. ओढ्यापाशी येऊन ओतीलियाचा हात थबकला. घरं दाखवावीत तर वाट हातची जाते. तिने हिरवा खडू उचलला आणि सगळा काठ रंगवून टाकला. भोवतालच्यांनी पाहिलं, मग सगळ्यांनाच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं. घरं काय कागदावर राहतात, असं तिने स्वतःला समजावलं. झाली वाट तर दिवा नुबियाच्याच दारात येणार होता.

सभेत वाट जिंकली, शेजारच्या वस्तीचं फुटबॉलचं मैदान मागे पडलं. नुबियाने तर दोन्ही हात वर केले होते.

मग इंजिनियर बेदोया पक्का आराखडा घेऊन ओतीलियाच्या घरी आला. पोरगा सालस, बोलणं गोड. जागा बघून आलो, म्हणाला. काही झोपड्या उठल्यात, पण तुमच्या नकाशात नाहीत, म्हणजे सभेनंतर घुसलेल्या दिसतात. त्या आधी पाडू. जुन्या असत्या तर मोबदला द्यावा लागला असता आणि हे काम पैशांत बसलंच नसतं. आता शनिवारच्या बैठकीत वस्तीने एकदा हो म्हटलं की झालं.

त्या झोपड्यांत नुबियाचंही घर होतं. ओतीलिया दुकानदार एरिबेर्तोकडे गेली. वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याने साखर तोलता तोलता सांगितलं, "हो म्हणा, दोन्या. ते काय, दुसरीकडे पत्रे ठोकतील. आपणही ठोकलेच होते की."

हे खरं होतं, म्हणूनच तिला जास्त लागलं. तीही अशीच पातेली डोक्यावर घेऊन या डोंगरावर चढली होती, आणि तेव्हा तिला कुणी पुसून टाकलं नव्हतं.

शनिवारी नुबिया लेकीला घेऊन पुढच्याच बाकावर बसली. बेदोयाने विचारलं, वस्तीचं हो ना? ओतीलिया उठली. एरवी डोंगर हलवणारा तिचा आवाज पुढच्या रांगेलाही जेमतेम पोचला.

"ती घरं जुनी आहेत. सभेच्या कितीतरी आधीची. नकाशा मी खोटा रंगवला."

मग दालनात जो गदारोळ झाला तो विचारू नका. ज्यांनी तेव्हा खिडकीबाहेर बघितलं होतं तेच आता सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. बेदोयाने आराखडा गुंडाळला. पैसा शेजारच्या मैदानाला गेला, आणि आयुष्यभर जिच्या हाताखाली राबले ती दिसली की लोक रस्ता बदलू लागले. ओतीलियाने ते गिळलं. निदान एक घर तरी आपलं राहिलं, असं तिला वाटत होतं.

ती ओढ्याकाठी गेली तेव्हा नुबिया दारात बसून सुपात राजमा निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"घर वाचवलंत, कोमाद्रे. उपकार झाले," ती म्हणाली. "पण खरं सांगा. खडू हातात होता तेव्हा माझी पोरगी आठवली नाही?"

विसरले होते, म्हातारी झाले, असं म्हणून सुटता आलं असतं. नुबियाने ते मानूनही घेतलं असतं.

"आठवली," ओतीलिया म्हणाली. "आठवली, आणि तरी रंगवलं."

नुबियाने मान हलवली. राजम्याचं सूप उचलून ती आत गेली. दार तिने लावलं नाही, आणि आत या, असंही म्हटलं नाही.